एव्हिलच्या आधी आणि एव्हिलच्या नंतर

अंगावर पित्त उठलं, गांधीलमाशी डसली, कोळंबी खाऊन ओठ सुजले, रक्त चढवताना अंगावर मंडळं आली, की आपल्याकडे पहिलं नाव निघतं ते एव्हिलचं. गावातला दवाखाना असो की जिल्हा रुग्णालयाची कॅज्युअल्टी, ट्रेमध्ये एव्हिल नाही असं सहसा होत नाही. पेशंट स्वतःच सांगतात, मागच्या वेळी एव्हिल दिलं होतं, तेच द्या. औषध जुनं आहे, स्वस्त आहे आणि योग्य जागी दिलं तर गुणकारीही आहे. पण ते इतकं ओळखीचं झालं आहे की ते देताना फारसा विचार होत नाही आणि दिल्यावर पेशंटकडे लक्षही राहत नाही. तातडीच्या उपचारात या दोन्ही गोष्टी महागात पडतात. म्हणून हा लेख एव्हिल आणि त्याच्या भावकीतल्या औषधांबद्दल आहे. त्यांच्या आधी काय द्यायचं आणि ती दिल्यावर काय बघायचं, हे घरच्या माणसांनीही समजून घ्यावं आणि उपकेंद्रात, छोट्या दवाखान्यात काम करणाऱ्या सिस्टर आणि डॉक्टर मंडळींनीही एकदा उजळणी करावी.

एव्हिल म्हणजे फेनिरामिन मॅलिएट. इंजेक्शनच्या एका मिलिलिटरमध्ये ते २२.७५ मिलिग्रॅम असतं, म्हणजे दोन मिलिलिटरच्या अँप्युलमध्ये ४५.५ मिलिग्रॅम. गोळ्या २५ आणि ५० मिलिग्रॅमच्या येतात. याच कुळात सर्दीच्या बहुतेक औषधांत असणारं क्लोरफेनिरामिन येतं, खोकल्याच्या जुन्या सिरपमधलं डायफेनहायड्रॅमिन येतं आणि फेनर्गन या नावाने मिळणारं प्रोमेथाझिनही येतं. ॲलर्जी झाली की शरीरातल्या काही पेशी हिस्टामिन सोडतात. त्याने खाज सुटते, गांधी उठतात, नाक-डोळे वाहतात. ही औषधं, म्हणजेच अँटिहिस्टामिन, हिस्टामिनची जागा अडवून धरतात, त्यामुळे खाज आणि सूज उतरते. मात्र ती मेंदूतही शिरतात आणि तिथेही हिस्टामिन अडवतात. मेंदूला जागं ठेवण्यात हिस्टामिनचा मोठा हात असतो, म्हणून गुंगी येते. शिवाय शरीरातला आणखी एक रासायनिक निरोप ती दाबतात. तोंड कोरडं पडतं, नजर धूसर होते, लघवी अडते, नाडी वाढते, वयस्कर माणूस गोंधळतो, हे सगळं त्यातून येतं. पुढचं जवळजवळ सगळं या दोन दुष्परिणामांभोवती फिरतं.

आधी अ‍ॅड्रेनलिन

ॲलर्जीचे दोन प्रकार वेगळे ओळखता आले पाहिजेत. एकात फक्त कातडी बोलते: खाज, पुरळ, पित्ताच्या गांधी, फार तर पापण्या सुजणं. यात त्रास होतो, पण जीवाला धोका नसतो. दुसऱ्यात कातडीच्या जोडीला श्वास किंवा रक्ताभिसरण बिघडतं. घसा आवळल्यासारखा वाटतो, आवाज बसतो, छातीत सूं-सूं वाजायला लागतं, धाप लागते, पोटात मुरडा येऊन उलट्या होतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, नाडी बारीक आणि वेगवान होते. याला वैद्यकात अ‍ॅनाफिलॅक्सिस म्हणतात. मधमाश्यांचा किंवा गांधीलमाशीचा डंख, पेनिसिलीन किंवा वेदनाशामक औषधाचं इंजेक्शन, शेंगदाणे, मासे, अंडी अशी अनेक निमित्तं त्यामागे असू शकतात. इंजेक्शननंतर हा प्रकार काही मिनिटांत जीव घेऊ शकतो. काही रुग्णांच्या अंगावर पुरळ येतच नाही, थेट रक्तदाब कोसळतो. म्हणून पुरळ दिसत नाही तोवर ॲलर्जी नाही असं समजून थांबू नये.

या दुसऱ्या प्रकारात पहिलं औषध एकच, अ‍ॅड्रेनलिन. मोठ्या माणसाला ०.५ मिलिग्रॅम, म्हणजे एक मिलिलिटरच्या साध्या अँप्युलमधलं अर्धं. ते मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या स्नायूत, गरज पडली तर कपड्यावरूनही द्यावं. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ०.३ मिलिलिटर, त्याहून लहान मुलांना ०.१५ मिलिलिटर किंवा वजनानुसार त्याहूनही कमी. पाच मिनिटांत फरक पडला नाही तर पुन्हा द्यावं. अ‍ॅड्रेनलिन सैल पडलेल्या रक्तवाहिन्या आवळतं, श्वासनलिका मोकळ्या करतं, घशाची सूज उतरवतं आणि पेशींतून आणखी हिस्टामिन सुटणं थांबवतं. एव्हिल यातलं काहीच करू शकत नाही. सुटून बाहेर पडलेलं हिस्टामिन पुढे काय करेल तेवढंच ते अडवतं आणि तेही सावकाश. गोळी असेल तर अर्ध्या-एक तासाने, स्नायूतलं इंजेक्शन असेल तर साधारण वीस मिनिटांनी. ज्याचा घसा बंद होत चालला आहे त्याच्याकडे तेवढा वेळ नसतो. हिस्टामिनखेरीज आणखी कितीतरी रसायनं त्या वेळी रक्तात मोकळी झालेली असतात, त्यांना तर एव्हिल हातही लावत नाही.

प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो. पेशंट घाबरलेला असतो, नातेवाईक हातघाईवर आलेले असतात. सिस्टर शीर शोधते, एव्हिल आणि स्टिरॉइडचं इंजेक्शन देते, सलाइन लावते. खाज कमी होते, चेहऱ्यावरची लाली उतरते, पेशंट डोळे मिटून पडतो. सगळ्यांना हायसं वाटतं. आणि त्याच वेळी रक्तदाब घसरत असू शकतो. एव्हिलने कातडीवरची खूण पुसली, आतली पडझड तशीच चालू राहिली. पेशंट शांत पडलाय तो औषधाच्या गुंगीने की मेंदूला रक्त पोचत नाही म्हणून, हे नुसतं बघून कळत नाही. म्हणूनच ब्रिटनच्या रिससिटेशन कौन्सिलने २०२१च्या मार्गदर्शक सूचनांत अ‍ॅनाफिलॅक्सिसच्या पहिल्या उपचारांतून अँटिहिस्टामिन काढूनच टाकलं. पेशंट सावरल्यावर, फक्त कातडीचा त्रास उरला असेल तर ते द्यावं आणि तेही शक्यतो झोप न आणणाऱ्या जातीचं तोंडाने द्यावं, असं त्यात म्हटलं आहे. हा बदल मला अगदी रास्त वाटतो. अँटिहिस्टामिन धोकादायक आहे असं कौन्सिलचं म्हणणं नाही. ते देण्याच्या गडबडीत अ‍ॅड्रेनलिनला उशीर होतो, ही खरी अडचण आहे.

अ‍ॅड्रेनलिनची भीती आपल्याकडे अजून आहे. हृदयाची धडधड वाढेल, हात कापतील, वयस्कर माणसाला झेपणार नाही, असं वाटून हात आखडतो. धडधड वाढते, हात कापतात, हे खरं आहे आणि ते थोड्याच वेळात थांबतं. मांडीत योग्य मात्रेत दिलेलं अ‍ॅड्रेनलिन अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये कोणालाही नाकारावं असं नाही. तीच अँप्युल विरळ न करता थेट शिरेत सोडणं मात्र घातक ठरू शकतं. रस्ता मांडीचाच धरा.

घरच्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. अशा माणसाला झोपवून पाय उंचावर ठेवा. धाप फार असेल तर टेकून बसू द्या, पण उभं करू नका, चालवत गाडीपर्यंत नेऊ नका. रक्तदाब पडलेला माणूस एकदम उठून उभा राहिला की हृदयाकडे परतणारं रक्तच आटतं आणि तिथल्या तिथे हृदय बंद पडल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. १०८ला फोन करा आणि त्याच फोनवर सांगा की ॲलर्जी आहे, श्वास लागलाय.

साप आणि विंचू

महाराष्ट्रात या औषधांचा सगळ्यात विचार करून वापर व्हायला हवा तो सर्पदंशात. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चार सापांच्या विषावर आपल्याकडे एकच लस मिळते. ती घोड्याच्या रक्तातून तयार होते, त्यामुळे अनेकांना तिची ॲलर्जी येते, कधी कधी जबरदस्त येते. ही रिअ‍ॅक्शन येऊ नये म्हणून लसीच्या आधी एव्हिल किंवा फेनर्गन आणि हायड्रोकॉर्टिसोन हे स्टिरॉइड देऊन ठेवायची जुनी रीत आहे. श्रीलंकेत १००७ रुग्णांवर ही रीत पारखून पाहिली गेली आणि तिचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. काहींना लसीच्या आधी कातडीखाली थोडं अ‍ॅड्रेनलिन दिलं, काहींना प्रोमेथाझिन, काहींना हायड्रोकॉर्टिसोन, काहींना यांच्या जोड्या आणि काहींना नुसतं औषधासारखं दिसणारं पाणी. अ‍ॅड्रेनलिनने पहिल्या तासातल्या गंभीर रिअ‍ॅक्शन ४३ टक्क्यांनी घटल्या. प्रोमेथाझिन आणि हायड्रोकॉर्टिसोनने त्या घटल्या नाहीत. आधी एव्हिल दिलं आहे म्हणून आता निर्धास्त, असं लस देणाऱ्या कोणीही मानू नये. लस चालू असताना पेशंटजवळ बसावं, अ‍ॅड्रेनलिन सिरिंजमध्ये भरून हाताशी ठेवावं. रिअ‍ॅक्शन आली तर लस थांबवून पहिलं अ‍ॅड्रेनलिन द्यावं, नंतर स्टिरॉइड आणि अँटिहिस्टामिन. आपल्या देशातल्या सर्पदंशाच्या उपचारपद्धतीतही हाच क्रम आहे.

सर्पदंशात गुंगी आणखी एका कारणाने घात करते. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. चावल्याची खूण धड दिसत नाही, दुखतही नाही. पहाटे पोटात दुखतं, घसा धरल्यासारखा वाटतो आणि पापण्या जड होतात. पापण्या उतरणं ही विष मज्जातंतूंवर चढत असल्याची पहिली खूण. त्यानंतर गिळता येत नाही, मान धरवत नाही आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. अशा माणसाला पोटदुखी किंवा ॲलर्जी समजून कोणी एव्हिल ठोकलं की मिटलेल्या डोळ्यांचा अर्थ लावणं कठीण होतं. इथे एक साधी परीक्षा उपयोगी पडते. पेशंटला हाक मारा, खांदा हलवून पूर्ण जागं करा आणि वर छताकडे बघायला सांगा. गुंगीतला माणूस जागा झाला की पापण्या पूर्ण उघडतो आणि सोडल्यावर पुन्हा पेंगतो. विष चढलेला माणूस आतून टक्क जागा असतो, विचारलेलं सगळं त्याला कळतं, पण पापणी अर्ध्यावरच राहते. ती उचलण्यासाठी तो कपाळाला आठ्या घालतो, हनुवटी वर करून अरुंद फटीतून तुमच्याकडे बघतो. ही आठी आणि ही वर उचललेली हनुवटी दिसली की वेळ न घालवता लस आणि श्वासाची सोय असलेल्या रुग्णालयाकडे निघायचं. सर्पदंशाची नुसती शंका असली तरी, अ‍ॅनाफिलॅक्सिस नसेल तर, गुंगीचं औषध टाळणंच शहाणपणाचं.

विंचवाबद्दल थोडक्यात. कोकणातला तांबडा विंचू चावला की घाम फुटतो, हातपाय गार पडतात, रक्तदाब आधी चढतो आणि पुढे फुप्फुसांत पाणी भरू शकतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी यावर प्राझोसिनचा उपचार रूढ केला आणि मरणाच्या दारातले असंख्य लोक वाचले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. विंचवाच्या विषाचा हा सगळा खेळ हिस्टामिनचा नसतोच, त्यामुळे एव्हिलला तिथे काम नाही. तरीही विंचू चावला म्हणून पहिल्या दवाखान्यात एव्हिल आणि स्टिरॉइड टोचून, आता बरं वाटेल म्हणत घरी पाठवलेली माणसं अजून दिसतात. त्यात वाया गेलेले दोन तास लहान मुलाला परवडत नाहीत.

ज्यांना गुंगी सोसत नाही

डोक्याला मार लागलेल्या माणसाला ही औषधं देऊ नयेत. मोटारसायकलवरून पडलेला तरुण उलटी करतो, कोणीतरी फेनर्गन देतं कारण ते उलटीवरही चालतं, आणि मग तो झोपलाय हे चांगलं की वाईट, हे कोणालाच सांगता येत नाही. डोक्यात रक्त साकळत असेल तर त्याची पहिली सूचना वाढत जाणारी झोप हीच असते. ती सूचना आपणच बुजवायची नाही.

म्हाताऱ्या माणसांत तर मला या औषधांची धास्तीच वाटते. सत्तरीच्या आजोबांना खाजेसाठी संध्याकाळी एव्हिल दिलं. रात्री ते बडबडायला लागले, सलाइन उपसायला लागले, पलंगावरून उतरू पाहायला लागले. घरच्यांना वाटलं वेड लागलं. ड्युटीवरच्या नव्या डॉक्टरने शांत करण्यासाठी आणखी गुंगीचं काही दिलं. पोटावर हात ठेवून बघितलं असतं तर बेंबीपर्यंत ताणलेलं मूत्राशय हाताला लागलं असतं. प्रोस्टेटची गाठ आधीच होती, एव्हिलने लघवी पुरती अडवली, औषधाने डोकं भ्रमलं आणि ताणलेल्या पोटाच्या कळांनी ते कासावीस झाले. नळी घालून लघवी मोकळी केली की असे पेशंट पुष्कळ वेळा शांत झोपी जातात. म्हातारपणी रात्री उठताना झोकांडी जाऊन खुब्याचं हाड मोडणं हेही याच गुंगीचं फळ असतं. काचबिंदू, प्रोस्टेट, विस्मृती यांपैकी काही असेल तर नातेवाइकांनी न विचारताच डॉक्टरांना सांगावं. खाजेला झोप न आणणारी औषधं आहेत, फेक्सोफेनाडिन आहे, लोराटाडिन आहे. सेटिरिझिनही तुलनेने बरं, मात्र त्यानेही काहींना पेंग येते.

लहान मुलांच्या बाबतीत नियम कडक आहेत आणि ते कडकच राहिले पाहिजेत. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला प्रोमेथाझिन द्यायचं नाही. त्यातून श्वास मंदावून मुलं दगावल्यामुळे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ साली त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. आपल्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेली सर्दीची औषधं चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नयेत, असं वेष्टनावर छापायला सांगितलं. मूल रात्री झोपावं म्हणून, प्रवासात रडू नये म्हणून सर्दीचं सिरप चमचाभर पाजणाऱ्या घरांनी हे दोन आदेश समजून घ्यावेत. यातली काही औषधं मुलांना झोपवण्याऐवजी उलट बेचैन करतात आणि मात्रा जास्त झाली तर झटके येतात. तापात झटके येणाऱ्या मुलांना ही औषधं विचारल्याशिवाय देऊच नयेत. गोळ्यांची स्ट्रिप लहान मुलाच्या हाताला लागेल अशी ठेवू नका. चुकून गोळ्या गिळल्या असतील तर मूल ठीक दिसतंय म्हणून वाट न बघता रिकामी स्ट्रिप बरोबर घेऊन रुग्णालय गाठा.

फेनर्गनची सुई

फेनर्गनची एक चांगली बाजू सगळ्यांना माहीत असायला हवी. उलटी थांबवण्यासाठी दिलेल्या मेटोक्लोप्रामाइडसारख्या औषधाने काही तरुण मुलामुलींची मान अचानक एका बाजूला वळते, डोळे वर चढून तिथेच अडकतात, जीभ बाहेर येते, जबडा आवळतो. मुलगी पूर्ण शुद्धीत असते, घाबरलेली असते, पण तिला मान सरळ करता येत नाही. घरात कोणी फिट आली म्हणतं, कोणी बाहेरचं झालं म्हणतं, कोणी अंगारा आणायला पळतं. हा औषधाचाच परिणाम असतो आणि फेनर्गनच्या इंजेक्शनने बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत मान सुटते. अशा वेळी गेल्या दोन दिवसांत घेतलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं घेऊन दवाखान्यात जायचं. निदान त्या पाकिटांवरच लिहिलेलं असतं.

दुसरा उपयोग मनोरुग्णांच्या तातडीच्या उपचारातला. हिंसक झालेल्या रुग्णाला शांत करण्यासाठी हॅलोपेरिडॉल आणि प्रोमेथाझिन एकत्र स्नायूत देतात. ही जोडी रिओ दि जानेरोत आणि आपल्या वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात नीट तपासली गेली. वेल्लोरच्या २००४च्या अभ्यासात लोराझेपामपेक्षा ती लवकर लागू पडली. रिओच्या पुढच्या अभ्यासात असंही दिसलं की नुसत्या हॅलोपेरिडॉलने मान-जबडा आवळण्याचा त्रास होतो, तो प्रोमेथाझिन जोडीला असलं की टळतो. म्हणजे गुंगी आणणारा हा गुण इथे कामाचा ठरतो. पण सुई टोचण्याआधी तीन गोष्टी बघाव्याच लागतात: बोटाला टोचून रक्तातली साखर, बोटाला यंत्र लावून ऑक्सिजन आणि डोक्याला हात लावून जखम. साखर उतरलेला मधुमेही आणि दारू पिऊन पडून डोकं फुटलेला माणूस दोघंही आरडाओरडा करतात, आणि दोघांनाही गुंगी देणं म्हणजे त्यांचा आजार झाकणं. इंजेक्शननंतर पेशंटला कुशीवर ठेवायचं, पालथं दाबून धरायचं नाही, आणि नाडी, रक्तदाब, श्वास पहिल्या तासात वारंवार बघायचे. दारूच्या अमलाखाली असलेल्याच्या बाबतीत तर अधिकच.

आता सुईबद्दल. प्रोमेथाझिन आम्लधर्मी आणि ऊतींना जाळणारं द्रावण आहे. शिरेतून देताना ते शिरेबाहेर झिरपलं किंवा चुकून धमनीत गेलं तर तेवढा भाग काळानिळा पडून सडू शकतो. अमेरिकेत व्हर्मांट राज्यातल्या डायना लेव्हिन या संगीतकार बाईंना २००० साली मायग्रेनबरोबरच्या मळमळीसाठी हे औषध शिरेतून देताना ते धमनीत शिरलं आणि त्यांचा हात कापावा लागला. त्यांचा औषध कंपनीविरुद्धचा खटला तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि मार्च २००९ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. त्याच वर्षी औषधाच्या वेष्टनावर या धोक्याचा ठळक इशारा आला. म्हणून फेनर्गन खोल स्नायूत द्यावं हेच उत्तम. कातडीखाली कधीच नाही. शिरेतून द्यायची वेळ आलीच तर भरपूर विरळ करून, चांगल्या मोठ्या शिरेतून, वाहत्या सलाइनमध्ये अगदी हळू द्यावं. मनगटाच्या किंवा हाताच्या पाठीवरच्या बारीक शिरेतून देऊ नये. पेशंटने आग होतेय, हात जळतोय म्हटलं की त्या क्षणी थांबायचं. पेशंटनेही गप्प बसून सोसायचं नाही, मोठ्याने सांगायचं. एव्हिल इतकं जाळत नाही, पण तेही घाईने शिरेत ढकललं तर रक्तदाब एकदम उतरतो. विरळ करून सावकाश द्यायला दोन-तीन मिनिटं लागतात, तेवढी द्यावीत.

घरी जाताना

इंजेक्शन घेऊन खाज थांबली की माणूस खिशातून किल्ली काढतो आणि गाडीला किक मारतो. हे थांबायला हवं. फेनिरामिन आणि प्रोमेथाझिन दोन्ही अंगात बराच वेळ रेंगाळतात, निम्मं औषध बाहेर पडायलाच आठ-दहा तासांहून अधिक लागू शकतात. अमेरिकेतल्या आयोवात गाडी चालवण्याच्या सिम्युलेटरवर २००० साली एक अभ्यास झाला. ५० मिलिग्रॅम डायफेनहायड्रॅमिन घेतलेल्यांनी काही बाबतींत दारू प्यालेल्यांपेक्षाही वाईट गाडी चालवली. आणखी महत्त्वाचं म्हणजे, किती झोप येतेय असं त्यांना वाटत होतं आणि त्यांचं गाडी चालवणं प्रत्यक्षात किती बिघडलं, यांचा मेळ बसत नव्हता. मला झोप आलेली नाही, मी नीट आहे, हे त्या वेळचं स्वतःबद्दलचं मत विश्वास ठेवण्याजोगं नसतं. एव्हिल घेतल्यावर तो दिवस आणि ती रात्र दुचाकी, ट्रॅक्टर, ऊसतोडीचा कोयता, मळणी यंत्र, विहिरीचा काठ, सगळं दूर ठेवावं. दारू, झोपेच्या गोळ्या, कोडीनचं खोकल्याचं औषध यांच्यासोबत तर मुळीच नको, कारण गुंगी एकावर एक चढते आणि श्वास मंद होतो. एसटीचे चालक, ट्रकवाले, रात्रपाळीचे कामगार यांनी आपलं काम डॉक्टरांना आधी सांगावं म्हणजे त्यांना झोप न आणणारं औषध देता येईल. अंगावर पाजणाऱ्या आईनेही तसं सांगावं.

अ‍ॅनाफिलॅक्सिस होऊन गेलेल्या माणसाला लगेच घरी नेण्याची घाई करू नका. काहींना पहिला झटका ओसरल्यावर काही तासांनी, कुठलीही नवी ॲलर्जी न होता, तोच त्रास पुन्हा उलटतो. काही तास दवाखान्यात देखरेखीखाली राहावं, त्या रात्री घरात सोबतीला कोणीतरी जागं असावं आणि त्याने अधूनमधून हाक मारून उठवून बघावं. नुसतं घोरतोय म्हणजे छान झोपलाय असं मानू नये. कशाची ॲलर्जी आली ते औषधाचं किंवा पदार्थाचं नाव मराठीत मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून पाकिटात ठेवावं, मोबाइलमध्येही साठवावं. एव्हिल मानवतं हे लिहून ठेवण्यापेक्षा काय मानवत नाही हे लिहिणं अधिक गरजेचं.

ज्यांना आधी एकदा गंभीर ॲलर्जी झाली आहे त्यांनी सहलीला, गडावर, शेतात जाताना खिशात एव्हिलची गोळी ठेवून निर्धास्त होऊ नये. गडकिल्ल्यांवर आग्यामोहोळ उठल्यावर ती गोळी फक्त खाजेला पुरेल. परदेशात मिळणारी तयार अ‍ॅड्रेनलिनची पेनं आपल्याकडे सहजी मिळत नाहीत, म्हणून आपल्या डॉक्टरांशी बोलून अँप्युल, सिरिंज आणि ती वापरायची रीत शिकून घेता येईल का ते विचारावं. गटाने जाताना निदान जवळच्या आरोग्य केंद्राचा पत्ता आणि तिथवरचा रस्ता आधी माहीत करून घ्यावा.

आणि डॉक्टर, सिस्टर, तुमच्यासाठी एक विनंती. आज ड्युटीवर गेल्यावर इमर्जन्सी ट्रे उघडा. एव्हिल असणारच आहे. अ‍ॅड्रेनलिनच्या अँप्युल किती आहेत ते मोजा, त्यांची मुदत वाचा, उजेडाकडे धरून बघा. पाणी स्वच्छ असेल तर ठेवा, गुलाबी किंवा तपकिरी झालं असेल तर टाकून द्या आणि नव्या मागवा. मग त्या एव्हिलच्या पुढे, हात टाकताच पहिल्यांदा लागतील अशा ठेवा.